फुल बॉडी चेकअप : काखेत कळसा, गावाला वळसा

"डॉक्टर, एवढं जरा बघून घ्या," म्हणत गेल्या महिन्यात एक गृहस्थ समोर बसले आणि त्यांनी टेबलावर अठ्ठावीस पानांचा रंगीत रिपोर्ट ठेवला. वय बावन्न. मुलाने वाढदिवसाला 'फुल बॉडी चेकअप' भेट दिलं होतं. एकूण ८२ तपासण्या. सकाळी माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला, संध्याकाळी रिपोर्ट मोबाईलवर हजर. "सगळं नॉर्मल आहे. फक्त व्हिटॅमिन डी कमी दाखवतंय. त्याची गोळी तेवढी लिहून द्या."

बोलताना त्यांचं तोंड पुरतं उघडत नव्हतं. विचारलं, तर म्हणाले, हल्ली तिखट सोसत नाही. तंबाखू? "आहे थोडी. पंचवीस वर्षं झाली." आ करायला सांगितलं, तर दोन बोटं जेमतेम जातील एवढंच तोंड उघडलं. बॅटरीच्या उजेडात पाहिलं. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा आणि त्याच्या कडेला एक लालसर जखम.

"हे कधीपासून आहे?"

"चार-पाच महिने झाले असतील. पण रिपोर्ट नॉर्मल आला ना, म्हणून म्हटलं, काही नसेल."

आजचा लेख त्या 'म्हणून'बद्दल आहे.

माझं म्हणणं आधीच स्पष्ट सांगतो. तुम्हाला काही त्रास नसेल, तुम्ही धडधाकट असाल, तर ही पॅकेजं विकत घेऊ नका. आईवडिलांना भेटही देऊ नका. तुम्हाला ज्या मोजक्या तपासण्यांची खरी गरज आहे, त्या यात बहुतेक वेळा नसतात. आणि ज्या असतात, त्यातल्या बहुतेकांची तुम्हाला गरज नसते.

८२ हा आकडा येतो कुठून?

एकदा तुमच्याकडचा जुना रिपोर्ट काढून मोजून बघा. लघवी एकदाच तपासली जाते. पण तिचा रंग ही एक तपासणी, गढूळपणा दुसरी, आम्लता तिसरी, साखर चौथी, प्रथिनं पाचवी. अशा एका बाटलीतून पंधरा-वीस तपासण्या निघतात. रक्ताचा एक थेंब मशीनमध्ये गेला की लाल पेशी, पांढऱ्या पेशी, त्यांचे प्रकार, त्यांचं आकारमान असे वीसेक आकडे आपोआप छापून येतात. ते वीस धरायचे. मग एका आकड्याला दुसऱ्याने भागायचं आणि त्या गुणोत्तराला आणखी एक तपासणी म्हणायचं. कांद्याच्या प्रत्येक पाकळीचे वेगळे पैसे लावावेत, तसला हा हिशेब. गिऱ्हाइकाला वाटतं, एवढ्याशा पैशात केवढं मिळालं!

यात काय नसतं? तुमच्या दंडाला पट्टा बांधून बीपी बघणारा माणूस नसतो. तुमचं तोंड बॅटरीने पाहणारं कुणी नसतं. "तंबाखू खाता का? झोप लागते का? वडिलांना हार्ट अटॅक कितव्या वर्षी आला?" असं विचारणारं कुणी नसतं. रक्त घ्यायला आलेला मुलगा बिचारा पुढच्या घरी जायच्या घाईत असतो.

पण लवकर कळलेलं बरंच ना?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. आजार लवकर कळला तर लवकर उपचार, आणि लवकर उपचार म्हणजे जास्त आयुष्य. ऐकायला हे इतकं बरोबर वाटतं, की तपासून पाहायची गरजच वाटत नाही. पण काहींनी तपासून पाहिलं.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या आसपास ३० ते ६० वर्षं वयाच्या जवळपास ६० हजार लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे गट पाडले. सुमारे साडेअकरा हजार लोकांना तपासणीला बोलावलं, जीवनशैलीबद्दल सल्ला दिला, ज्यांना धोका जास्त त्यांना पुढच्या पाच वर्षांत पुन्हा पुन्हा बोलावलं. उरलेल्यांना काहीच सांगितलं नाही. दहा वर्षांनी हिशेब मांडला. हृदयविकार, पक्षाघात, मृत्यू यांत दोन्ही गटांत फरक नव्हता. हा निकाल २०१४ साली प्रसिद्ध झाला.

जगभरातल्या अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१९ साली पुन्हा घेतला. १७ प्रयोग, अडीच लाखांहून जास्त माणसं. निष्कर्ष तोच : निरोगी प्रौढांच्या सरसकट तपासण्यांनी एकूण मृत्यू कमी होत नाहीत, कॅन्सरचे मृत्यू कमी होत नाहीत, हृदयविकाराचेही नाहीत.

तुम्ही म्हणाल, ते तिकडचे लोक. त्यांच्याकडे फॅमिली डॉक्टर असतो, बीपी-शुगर एरवीही बघितली जाते, त्यामुळे वेगळ्या चेकअपने तिथे फारसं काही वाढत नाही. शिवाय त्यातले बरेच प्रयोग जुने आहेत. तुमचं म्हणणं मला मान्य आहे. आपल्याकडे अनेकांच्या दंडाला चाळिशीपर्यंत पट्टाच बांधलेला नसतो. पण याचा अर्थ काय निघतो? आपल्याला बीपी आणि शुगर बघायची गरज आहे, असा निघतो. लघवीच्या रंगाची किंमत मोजायची गरज आहे, असा निघत नाही.

निरोगी माणसाला आजारी करण्याचं गणित

आता जरा गणित करू. सोपं आहे. 'नॉर्मल रेंज' कशी ठरते? बहुतेक तपासण्यांत निरोगी लोकांचे आकडे घेतात, मधले ९५ टक्के 'नॉर्मल' धरतात आणि दोन्ही टोकांचे मिळून ५ टक्के बाहेर ठेवतात. म्हणजे शंभर निरोगी माणसांतली पाच माणसं, काहीही झालेलं नसताना, रेंजच्या बाहेर जाणार हे ठरवूनच ती रेंज आखलेली असते.

एक तपासणी केली तर चुकून बाहेर जाण्याची शक्यता ५ टक्के. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर निदान एक तरी बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के! प्रत्यक्षात बऱ्याच तपासण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्यामुळे आकडा थोडा कमी होईल; पण ८२ आकडे छापल्यावर एखादा ठळक अक्षरांत येणार नाही, असं क्वचितच घडतं. म्हणून मी गमतीने म्हणतो, निरोगी माणूस म्हणजे ज्याच्या पुरेशा तपासण्या अजून झालेल्या नाहीत तो.

त्या एका ठळक आकड्याचं पुढे काय होतं, ते मी रोज पाहतो. संधिवाताची 'आरए फॅक्टर' तपासणी पॉझिटिव्ह आली. सांधा एकही दुखत नाही, पण बाई महिनाभर बोटं चेपून बघताहेत. सोनोग्राफीत पित्ताशयात खडा दिसला; कधी पोटात दुखलेलं नाही, बहुतेकांना असा खडा आयुष्यभर त्रास देत नाही, पण आता "ऑपरेशन करून टाकू का?" हा प्रश्न घरभर. छातीत काही होत नसताना ट्रेडमिलवर पळवलं, पट्टी 'पॉझिटिव्ह' निघाली, मग अँजिओग्राफी, आणि शिरा स्वच्छ. हा धोका स्त्रियांच्या बाबतीत तर आणखी जास्त. कॅन्सर मार्करचंही तेच. सीए-१२५ हा आकडा पाळीच्या दिवसांत, गर्भाशयाच्या गाठींत, साध्या कारणांनीही वाढतो. तो वाढला की त्या घरात पुढचे पंधरा दिवस कुणी धड जेवत नाही. साप साप म्हणून भुई धोपटायची, आणि त्या धोपटण्याचं बिलही आपणच भरायचं. विकतचं दुखणं म्हणतात ते हेच.

आणि कधीकधी नुसती भीतीच नाही, खरं नुकसानही होतं. दक्षिण कोरियात १९९९ नंतर कॅन्सर तपासणीची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. थायरॉइडची सोनोग्राफी त्या मोहिमेत नव्हती, पण दवाखाने थोड्या जास्तीच्या पैशांत तीही करून देऊ लागले. २०११ साली थायरॉइड कॅन्सरचं निदान होण्याचं प्रमाण १९९३च्या १५ पट झालं. आणि या कॅन्सरने होणारे मृत्यू? होते तेवढेच राहिले. म्हणजे जे कॅन्सर सापडले त्यातले बहुसंख्य कधी त्रास देणारच नव्हते. पण सापडल्यावर कोण गप्प बसेल? बहुतेकांची ग्रंथी काढली. त्यांतल्या कित्येकांना जन्मभर गोळ्या लागल्या, काहींचा आवाज गेला. चांगल्या हेतूने, चांगल्या डॉक्टरांनी, निरोगी माणसांना पेशंट केलं.

"पण आमच्या शेजाऱ्यांचं चेकअपमुळेच वाचलं!"

असा एक शेजारी प्रत्येकाला असतो आणि तो खोटं बोलत नसतो. पण कोरियात थायरॉइड काढलेल्या हजारो लोकांनाही मनापासून असंच वाटतं, की आपण तपासणीमुळे वाचलो. आपल्याला कुठल्या दोरीने वाचवलं आणि ती नसती तर आपण बुडालो असतो का, हे एकट्या माणसाला कळायला मार्ग नाही. म्हणून तर हजारो माणसांचे दोन गट करून मोजावं लागतं.

मग ही पॅकेजं कोण खपवतं? लॅबवाले खपवतात, हे सांगायला नकोच. महिला दिन, दिवाळी, फादर्स डे, सगळ्या सणांना सूट. मार्च आला की आयकराच्या ८०डी कलमाची आठवण. जुन्या करपद्धतीत चेकअपच्या पाच हजारांपर्यंतच्या खर्चावर वजावट मिळते, म्हणून कर वाचवायला रक्त द्यायचं! पण सगळा दोष लॅबवर ढकलून मी मोकळा होणार नाही. आम्ही डॉक्टरही यात आहोत. पेशंटशी पंधरा मिनिटं बोलून, तपासून, "तुम्हाला काही झालेलं नाही" म्हणायला वेळ लागतो आणि धाडस लागतं. यादीवर खुणा करायला दोन्ही लागत नाही. शिवाय "डॉक्टरांनी एकही टेस्ट सांगितली नाही" ही तुमच्याकडून येणारी तक्रारही आम्ही ऐकलेली असते.

मग काहीच करायचं नाही का?

करायचं. नेमकं करायचं. मधुमेह आणि बीपी वर्षानुवर्षं गुपचूप बसतात. आयसीएमआरच्या पाहणीनुसार, जी २०२३ साली प्रसिद्ध झाली, देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत, आणि प्रौढांपैकी जवळपास ३५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. यांना शोधायला अठ्ठावीस पानं लागत नाहीत.

बीपी. तिशीनंतर वर्षातून एकदा. पाच मिनिटं शांत बसून, अर्धा तास आधी चहा-तंबाखू न घेता, दोनदा मोजा. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्यापेक्षा जास्त येत असेल तर डॉक्टरांना भेटा.

वजन आणि कंबर. घरातली शिवणकामाची टेप पुरते. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

शुगर. तिशीनंतर सुरुवात करा. नॉर्मल आली तर निदान तीन वर्षांतून एकदा. वजन जास्त, आईवडिलांना मधुमेह किंवा गरोदरपणात शुगर वाढलेली असेल तर दरवर्षी. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ किंवा जास्त म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून खात्री करायची. अंगात रक्त कमी असेल तर एचबीएवनसी ही तपासणी फसवू शकते, हेही लक्षात ठेवा.

कोलेस्टेरॉल. चाळिशीच्या सुमारास एकदा, नॉर्मल असेल तर चार-पाच वर्षांनी पुन्हा. घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल तर आधीच.

तोंड. तंबाखू, गुटखा, सुपारी, मिश्री, विडी, सिगारेट यांपैकी काहीही असेल, तर वर्षातून एकदा डॉक्टर किंवा दंतवैद्याकडून तोंड बघून घ्या. केरळमध्ये झालेल्या मोठ्या प्रयोगात, नुसतं डोळ्यांनी तोंड तपासून तंबाखू-दारूचं व्यसन असलेल्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले. खर्च काय, तर एक बॅटरी.

बायकांनो, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी. इथे मी हात जोडून सांगतो. हा पुरावा परदेशातला नाही, आपल्या मातीतला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलने टाटा मेमोरियलच्या साथीने गावोगावच्या १ लाख ३१ हजार स्त्रियांवर प्रयोग केला. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी, आम्लाचं पातळ द्रावण लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली. बारा वर्षांत मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तरीही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे दोघींचीही ही तपासणी झालेली नव्हती. एचपीव्ही असेल तर पाच वर्षांनी, पॅप असेल तर तीन वर्षांनी. दुखत नाही, पाच मिनिटं लागतात.

स्तनांची तपासणी. डॉक्टर किंवा प्रशिक्षित नर्सकडून. मुंबईतल्याच वीस वर्षांच्या प्रयोगात पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये अशा हाताने केलेल्या तपासणीने मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. गाठ लागली तर पुढच्या चेकअपची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात दाखवा. मॅमोग्राफी तुमच्यासाठी योग्य का, हे वय आणि घरातला इतिहास बघून डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आता गंमत बघा. यातल्या बीपी, शुगर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या पाच गोष्टी तिशीपुढच्या प्रत्येकासाठी सरकारी कार्यक्रमात आहेत. तुमच्या जवळच्या आरोग्य उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथे फुकट. आशाताई त्यासाठीच फॉर्म भरायला दारात येतात आणि आपण "आम्ही ठीक आहोत" म्हणून दार लावतो. मग आत येऊन मोबाईलवर पॅकेज बुक करतो. काखेत कळसा म्हणतात तो हा!

हे कुणासाठी नाही

हा लेख त्रास नसलेल्या माणसांसाठी आहे. वजन आपोआप घटतंय, शौचातून रक्त जातंय, चढताना छाती भरून येते, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, खोकला दोन आठवड्यांवर गेला, अशा वेळी "डॉक्टरांनी लिहिलंय तपासण्या नकोत" म्हणून घरी बसू नका. ते चेकअप नव्हे, ते निदान. मधुमेह, बीपी, थायरॉइडचे पेशंट, गरोदर स्त्रिया, घराण्यात विशिष्ट कॅन्सर असलेले लोक यांच्या तपासण्यांचं वेळापत्रक वेगळं असतं. ते बंद करू नका.

इतरांनी कुठल्याही तपासणीआधी तीन प्रश्न विचारावेत. ही कशासाठी? काही निघालं तर आपण पुढे काय करणार? आणि ते केल्याने मी जास्त किंवा बरं जगेन, याचा पुरावा आहे का? साठीच्या आसपास पुरुषांना सुचवली जाणारी पीएसए तपासणी याचं चांगलं उदाहरण : तिचे फायदे आहेत, तोटेही आहेत, आणि निर्णय बोलून घ्यायचा असतो, पॅकेजमध्ये फुकट मिळाली म्हणून नाही.

त्या गृहस्थांच्या गालाचा तुकडा मी तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. सुदैवाने सुरुवातीचा आहे, ऑपरेशनची तारीख मिळाली आहे, बरे होतील अशी चांगली आशा आहे. त्यांचा मुलगा भेटायला आला तेव्हा रडवेला झाला होता. "मी तर चांगल्यासाठीच केलं होतं, डॉक्टर." केलंच होतं. त्याला मी काय बोलणार? चूक त्याची नव्हती. ८२ आकड्यांच्या खाली 'तुम्ही ठणठणीत आहात' अशा अर्थाचं रंगीत पान जोडणाऱ्यांची होती, आणि हे सगळं वेळेवर, मोठ्याने न सांगणाऱ्या आमची होती.

म्हणून आता सांगतो. आईबाबांना भेट द्यायचीच असेल तर एक चांगलं बीपीचं मशीन द्या, आणि एक दिवस सुट्टी काढून त्यांना घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा. स्वतःही बसा. फाइल पिशवीतच राहू द्या. आधी दंड पुढे करा. आणि तंबाखू खात असाल, तर कुणी विचारायची वाट न बघता आ करा.